मधल्या चित्रांची जबाबदारी

संगणकावर पात्राला चालवणारा कलावंत त्या चालण्याची प्रत्येक फ्रेम स्वतः रचत नाही. तो हालचालीतले मोजके क्षण पक्के करतो, त्या क्षणांना की-फ्रेम म्हणतात, आणि दोन की-फ्रेममधली जागा संगणक गणिताने भरून काढतो, ज्याला गणिताच्या पुस्तकांत अंतर्वेशन असे नाव आहे. या भरलेल्या जागेतच एक जुना दोष राहतो. पहिल्या की-फ्रेममध्ये पाऊल जमिनीवर टेकलेले असते, दुसऱ्या की-फ्रेममध्येही ते नेमके त्याच जागी असते, आणि तरीही मधल्या फ्रेममध्ये ते ओल्या फरशीवरून निसटावे तसे थोडे पुढे जाते आणि परत मागे येते. खांद्यापासून फिरणारा हात अर्ध्या वाटेवर आखडतो. मान उजवीकडे किंचित वळायची ती डावीकडून पूर्ण गिरकी घेऊन तिथे पोहोचते. कलावंताने न सांगितलेल्या या हालचालीला पात्राचे ढळणे म्हणता येईल. संगणकाची चूक म्हणून ते सांगितले जात असले, तरी संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून ते या व्यवसायात होते, आणि त्याचा इतिहास पाहिला की ते दरवेळी एकाच ठिकाणी उगवलेले दिसते: जिथे मधला निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेले नव्हते, तिथे.

मधली जागा यंत्रावर अजिबात न सोपवण्याची रीत कशी असते, हे समजायला सोलापूरसारखे दुसरे गाव नाही. शहराच्या दक्षिणेला विजापूर रस्त्याच्या बाजूने वाढलेल्या जुळे सोलापुरात आज मागांचा खडखडाट ऐकू येत नाही. तो ऐकायला पूर्व भागात किंवा अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जावे लागते. पण जुळे सोलापुरातल्या घराघरांत जी चादर अंथरली जाते, ती तेलंगणातून येऊन इथे स्थिरावलेल्या पद्मशाली विणकरांच्या हाताखाली घडलेल्या परंपरेची आहे, आणि तिच्यावरची नक्षी जकार्डाने उठते. फ्रान्समधल्या लिऑं शहरात जोसेफ मारी जकार याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली ही जुळणी मागाच्या डोक्यावर बसते. पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ तिच्यातून एकेक कार्ड पुढे सरकत जाते, आणि कार्डावरचे प्रत्येक भोक ताण्याचा कोणता दोरा वर उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा ते सांगते. धोटा एकदा इकडून तिकडे गेला, म्हणजे बाण्याचा एक दोरा पडला, की पुढचे कार्ड येते. बाण्याच्या प्रत्येक दोऱ्याला त्याचे स्वतःचे कार्ड असते. मोराच्या पिसाऱ्याची सुरुवात आणि शेवट सांगून मधला पिसारा मागाने आपल्या बुद्धीने भरावा, अशी सोय जकार्डात नाही. नक्षीकाराने चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवले, त्यावरून कार्डे पाडली गेली, आणि त्या घरांपैकी एकही यंत्राच्या मर्जीवर राहिले नाही.

तरीही मोर ढळतो, आणि कसा ढळतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. समजा, कागदावरची नक्षी इंचाला चाळीस बाणे धरून आखली आणि प्रत्यक्षात माग छत्तीस बाणे ठोकत असला, तर चाळीस बाण्यांची नक्षी एका इंचाऐवजी इंचाहून नवव्या हिश्शाने अधिक लांबीत पसरते. मोराची मान ताणली जाते, वर्तुळाकार फुलाचे अंड्यासारखे होते, आणि एकाही कार्डात चूक सापडत नाही. म्हणून चांगला नक्षीकार साध्या चौरस चौकटींवर भरवसा ठेवत नाही. ताणा आणि बाणा यांच्या दाटीच्या प्रमाणात आखलेला कागद तो घेतो, आणि त्यावर गोल दिसणारी आकृती कापडावरही गोल उतरते. सगळे निर्णय घेऊन झाल्यावरही एक निर्णय उरतो, तो म्हणजे ज्या पट्टीवर हे सारे मोजायचे ती पट्टी कोणती. जकार्डाच्या भोके पाडलेल्या कार्डांवरून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राला हुकूम देण्याची कल्पना घेतली, हे सर्वश्रुत आहे. परंतु पुढच्या काळात चित्रे हलवणाऱ्या संगणकाने मधली जागा स्वतः भरण्याची जी सवय लावून घेतली, ती जकार्डाच्या स्वभावाच्या अगदी उलट होती, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

महाराष्ट्रात फ्रेम-फ्रेमने हालचाल घडवण्याचा आरंभ दादासाहेब फाळके यांच्यापासून होतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपत चित्रित केली; ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या लघुपटाने त्यांना चित्रपटासाठी भांडवल मिळवून दिले. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला, ज्यात काडेपेटीतल्या काड्या आपण होऊन हलताना दिसतात. काडी किंचित सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा सरकवायची. या पद्धतीत मुख्य चित्र आणि मधले चित्र असा भेदच नाही, कारण प्रत्येक फ्रेम हाताने घडलेली असते आणि आधीच्या फ्रेमकडे पाहूनच पुढची ठरते. अशा सरळ पुढे जाण्याच्या पद्धतीत दोष साचत जातो. प्रत्येक वेळी काडी केसभर जास्त सरकली, तर शंभराव्या फ्रेमला ती ठरल्या जागेपासून कितीतरी दूर गेलेली असते आणि मागे वळून दुरुस्त करायला काही उरत नाही.

त्या काळी ढळण्याचे आणखी एक, अगदी साधे कारण होते. फाळक्यांनी विलायतेहून विल्यम्सन कॅमेऱ्याबरोबर फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्रही आणले होते, कारण कच्ची फिल्म भोकांविना येई, आणि हे भोके पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांनी घरात, अंधारात बसून शिकून घेतले. कॅमेऱ्याचे दात याच भोकांत अडकून फिल्म पुढे ओढतात. दोन भोकांमधले अंतर कणभर चुकले की त्या फ्रेममधले सारे चित्र, पात्र आणि पार्श्वभूमी यांच्यासह, पडद्यावर हिसका खाते. भारतीय चित्रपटातली पहिली स्थिरता अशी एका गृहिणीच्या बोटांनी राखलेली होती, आणि चित्रपटाच्या इतिहासात तिचा उल्लेख पुष्कळदा मदतनीस एवढ्यावरच थांबतो, ही मोठी उणीव आहे.

मुख्य चित्रे आधी आणि मधली नंतर, ही विभागणी अमेरिकेत झाली. विन्सर मके या व्यंगचित्रकाराने १९१४ च्या ‘गर्टी द डायनोसॉर’ या पटासाठी हालचालीतल्या ठळक ठेवणी प्रथम रेखाटल्या, मग त्यांच्या मधोमध येणारी चित्रे काढली, मग पुन्हा त्यांच्या मधली. शेवट कुठे होणार हे आधीच पक्के असल्यामुळे साचत जाणारी चूक तिथेच तुटली. कागद एकमेकांवर नेमके बसावेत म्हणून कोपऱ्यांत खुणा केल्या जात, आणि त्याच सुमारास राऊल बारे याने कागदाच्या कडेला भोके पाडून ती खुंट्यांवर बसवण्याची पद्धत रूढ केली. आज संगणकावर काम करणाऱ्याला ठाऊकही नसते की त्याच्या पडद्यावरचे स्थिर निर्देशांक म्हणजे त्या खुंट्यांचेच वारस आहेत.

डिस्नेच्या चित्रशाळेत या विभागणीचे कारखान्यात रूपांतर झाले. मुख्य ॲनिमेटर ठळक चित्रे काढी, त्याचा साहाय्यक त्यांच्यामधले वळणाचे चित्र ठरवी, ज्याला ब्रेकडाऊन म्हणत, आणि उरलेली चित्रे भरण्याचे काम सर्वांत कमी पगाराच्या इन-बिटवीनरकडे जाई. मुख्य चित्राच्या कडेला एक छोटी उभी रेघ काढलेली असे आणि तिच्यावरच्या आडव्या खुणा मधले प्रत्येक चित्र कोणत्या टोकाच्या किती जवळ हवे ते सांगत. पात्राचे डोके किती डोळ्यांएवढे रुंद, कान कुठून फुटतो, पंजाला बोटे किती, हे दाखवणारा नमुना-तक्ता प्रत्येकाच्या मेजावर लावलेला असे. ही सारी व्यवस्था ढळणे थांबवण्यासाठी होती, कारण शेकडो हातांतून जाणारे पात्र दर दहा चित्रांमागे थोडे जाड किंवा थोडे बारीक होत असे.

या चुकांपैकी एक भूमितीची आहे आणि ती पुढे संगणकाने जशीच्या तशी उचलली, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी. खांद्यापासून दहा सेंटिमीटर लांबीचा हात आहे. पहिल्या चित्रात तो खाली लोंबतो, दुसऱ्यात समोर आडवा पसरलेला आहे. नवशिका इन-बिटवीनर दोन्ही चित्रांतले तळहात पाहतो, त्यांना जोडणारी सरळ रेघ मनात धरतो आणि तिच्या मध्यावर तळहात काढतो. तो मध्य खांद्यापासून सात सेंटिमीटरच्या किंचित पुढे पडतो. हात जवळजवळ तीन सेंटिमीटरने आखडला, आणि पडद्यावर तो रबराचा वाटू लागला. दोन्ही मुख्य चित्रे अचूक होती. चुकली ती त्यांना जोडणारी वाट. म्हणून डिस्नेच्या परंपरेत सजीव हालचाल कमानीवरून जाते हा नियम शिकवला गेला, आणि फ्रँक टॉमस व ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या बारा तत्त्वांत त्याला स्वतंत्र जागा मिळाली.

भारतात ही शिस्त मुंबईच्या मार्गाने आली. त्याआधी १९३४ च्या सुमारास पुण्यात प्रभात फिल्म कंपनीत रघुनाथ केळकर यांनी ‘जंबूकाका’ हा व्यंगपट केला होता; पण एकट्यादुकट्या प्रयोगातून घराणे उभे राहत नाही. ते उभे राहिले मुंबईतल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेत. १९५६ मध्ये तिथे व्यंगपटांचा विभाग सुरू झाला आणि त्याला शिकवायला अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून क्लेअर वीक्स हे डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले ॲनिमेटर आले, ज्यांचा जन्मही भारतातलाच होता. त्यांच्या मार्गदर्शनाखाली जातककथेवरचा ‘द बन्यन डिअर’ तयार झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण मागे टाकून आलेले राम मोहन याच विभागात घडले, जी. के. गोखले यांनी इथेच ‘होमो सॅप्स’सारखे पट केले. राम मोहन १९६८ मध्ये तिथून बाहेर पडले, १९७२ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली, आणि १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या युगो साको यांच्या ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ या भारत आणि जपान यांच्या संयुक्त, हाताने रेखाटलेल्या चित्रपटापर्यंत त्यांचा प्रवास पोहोचला.

या कामाचा आवाका आकड्यांत पाहिला की मधल्या चित्रांवर किती भार होता ते कळते. पडद्यावर सेकंदाला चोवीस फ्रेम जातात, म्हणजे दहा मिनिटांच्या पटाला चौदा हजार चारशे. एक चित्र दोन फ्रेम टिकवले तरी एका पात्रासाठी सात हजार दोनशे चित्रे लागतात. त्यांतली बहुसंख्य मधलीच. खालून दिवा असलेल्या काचेच्या मेजावर बसून, तीन-चार कागद बोटांत धरून ते फडफडवत हालचाल तपासणे, आणि शंका आली की पेन्सिलीची चित्रे शाई-रंगाआधी फिल्मवर उतरवून पाहणे, ही त्या कामाची रोजची तपासणी होती. फडफडवणाऱ्या बोटांना डोळ्यांच्या आधी चूक कळते, असे या पिढीतले कारागीर मानत, आणि त्यात तथ्य आहे, कारण पाऊल घसरले की ते एका चित्रात दिसत नाही. ते फक्त चित्रांच्या ओळीत दिसते.

संगणकाने पहिला हल्ला नेमका या स्वस्त समजल्या गेलेल्या कामावर केला. कॅनडातल्या ओटावा येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाईन यांनी १९७० च्या आसपास की-फ्रेमवर चालणारी प्रणाली तयार केली. कलावंताने दोन रेखाचित्रे द्यायची आणि संगणकाने एकातली रेघ दुसरीत सरकवत न्यायची. पीटर फोल्देस याने तिच्यावर १९७४ चा ‘हंगर’ हा पट केला. त्यात माणूस खात सुटतो, फुगतो, वस्तू एकमेकींत विरघळतात; मधल्या फ्रेममध्ये रेघा वितळल्यासारख्या होणे हा दोष त्या विषयाला शोभून दिसला आणि फोल्देसने त्याचे शैलीत रूपांतर केले. पण ज्या पात्राला नुसते चालायचे आहे, त्याला ही सूट नसते. संगणक नवशिक्या इन-बिटवीनरप्रमाणेच बिंदूंना सरळ रेघेने जोडत होता, आणि त्याचा हात तसाच आखडत होता.

यावर आलेली उत्तरे पाहिली तर प्रत्येक उत्तर म्हणजे मधला एखादा निर्णय कलावंताच्या हाती परत देणे होते. बर्टनिक आणि वाईन यांनीच १९७६ मध्ये सांगाड्याची युक्ती मांडली, म्हणजे चित्रातल्या रेघा एका साध्या सांगाड्याला बांधायच्या आणि सांगाडा हलवायचा, जेणेकरून रेघा एकमेकींना सोडून भरकटणार नाहीत. एड कॅटमल याने १९७८ मध्ये दाखवून दिले की कागदावरचे चित्र ही त्रिमित वस्तूची सावली आहे, तिच्यात कोणता हात पुढे आणि कोणता मागे ही माहितीच नसते, त्यामुळे केवळ दोन चित्रांवरून मधले चित्र काढणे यंत्राला मुळातच अपुऱ्या पुराव्यावर सोपवलेले काम आहे. विल्यम रीव्ह्ज याने १९८१ मध्ये कलावंताला काही निवडक बिंदूंची वाट वेळेसकट आखून देण्याची मुभा दिली. डिस्नेच्या इन-बिटवीनरला कडेची रेघ आणि खुणा जे सांगत, तेच आता यंत्राला सांगितले जाऊ लागले.

पात्रे त्रिमित झाल्यावर आणि सरळ रेघांची जागा गुळगुळीत वक्रांनी घेतल्यावर हातांचे आखडणे बरेच थांबले, मात्र पावलांचे घसरणे वाढले. चालणाऱ्या पात्राचे एक पाऊल घ्यावे. चार की-फ्रेम सारख्या अंतराने आहेत. त्यांत पावलाची जागा शून्य, साठ, साठ आणि एकशेवीस सेंटिमीटर अशी दिली आहे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या की-फ्रेममध्ये पाऊल स्थिर असायला हवे. सर्रास वापरला जाणारा कॅटमल–रोम वक्र चारही बिंदूंतून जातो, पण प्रत्येक बिंदूवरचा उतार शेजारच्या दोन बिंदूंवरून ठरवतो. साठवर पोहोचताना पाऊल वेगात होते आणि साठवरून निघतानाही वेगात असणार आहे, म्हणून वक्र त्याला थांबू देत नाही. पाऊल जवळजवळ तीन सेंटिमीटर पुढे जाते, मग परत येऊन तितकेच मागे जाते, आणि तिसऱ्या की-फ्रेमला अचूक साठवर हजर होते. कलावंताने दोन्ही ठिकाणी साठ लिहिले आहेत. त्यांच्यामध्ये जवळजवळ सहा सेंटिमीटरची ये-जा वक्राने आपल्या पदरची घातली. डोरिस कोचानेक आणि रिचर्ड बार्टल्स यांनी १९८४ मध्ये प्रत्येक बिंदूवर वक्राचा ताण, सलगता आणि कल हे तिन्ही हाताने बदलता येतील अशी रचना दिली, आणि आज कोणत्याही आलेख-संपादकात, म्हणजे हालचालीचे वक्र दाखवणाऱ्या खिडकीत, उतार सपाट करण्याची जी कळ असते तिच्यामागे हाच विचार आहे. दोन्ही साठांवर उतार सपाट केला की पाऊल हलत नाही.

फिरण्याचे कोडे वेगळे होते. मान तीनशे पन्नास अंशांवरून दहा अंशांवर न्यायची, म्हणजे प्रत्यक्षात वीसच अंश वळायचे. पण नुसत्या आकड्यांमधले अंतर भरणारा संगणक तीनशे चाळीस अंश उलटे फिरतो. केन शूमेक याने १९८५ मध्ये यासाठी चतुष्टकांचा वापर सुचवला. विल्यम हॅमिल्टनने १८४३ मध्ये डब्लिनमध्ये शोधलेल्या या चार घटकांच्या संख्या फिरण्याचा सर्वांत जवळचा मार्ग देतात. त्याच वर्षी मायकेल जिरार्ड आणि अँथनी मॅसिएव्ह्स्की यांनी पायांच्या पात्रांसाठी व्यस्त गतिकीचा मार्ग दाखवला: कंबरेपासून खाली एकेक सांधा वळवत पावलापर्यंत जाण्याऐवजी पाऊल जमिनीला खिळवायचे आणि गुडघा व नितंब यांचे कोन त्यावरून काढायचे. पाऊल ढळण्यावर इतका सरळ उपाय दुसरा नाही, कारण यात स्थिर काय राहायचे हे सर्वांत आधी ठरते. जॉन लॅसेटर याने १९८७ मध्ये डिस्नेची जुनी तत्त्वे संगणकाच्या कामात कशी लागू पडतात हे लिहिले, तेव्हा हा व्यवसाय नकळत आपल्या जुन्या मेजापाशी परत आला होता.

ब्लेंडरसारखी मोफत साधने २००२ पासून सर्वांना खुली झाल्यावर हे काम मोठ्या शहरांच्या चित्रशाळांपुरते राहिले नाही. जुळे सोलापुरातल्या एखाद्या खोलीतही विद्यार्थी तोच वक्र उघडून तोच उतार सपाट करू शकतो. अनुभवी कलावंत त्याला पहिली गोष्ट सांगतो ती अशी, की पाऊल टेकते तिथे एक की-फ्रेम (थोडक्यात ‘की’) आणि उचलले जाते तिथे दुसरी की ठेवावी, दोघींचे मूल्य एकच असावे, आणि मधे वळण हवे असेल तिथे ब्रेकडाऊन हाताने द्यावा. दुसरी गोष्ट सहसा उशिरा कळते: ढळणे दिसले की आणखी की घालत सुटू नये, कारण भाराभर की घातलेला वक्र थरथरतो आणि त्यात मूळ हालचालीचा जीव जातो. आधी कोणता सांधा कोणाला बांधलेला आहे ते पाहावे. पुष्कळदा पाऊल निर्दोष असते आणि कंबर सरकत असते.

माणसाच्या अंगावर खुणा लावून त्याची हालचाल थेट नोंदवण्याचे तंत्र आल्यावर असे वाटले होते की हा प्रश्न कायमचा मिटला, कारण त्या नोंदीत प्रत्येक फ्रेमला की असते, जकार्डाच्या माळेतल्या कार्डांसारखी, आणि भरायला मधे जागाच उरत नाही. पण मोजणीतली बारीक चूक आणि नटापेक्षा वेगळ्या उंचीच्या पात्रावर ती हालचाल चढवणे, यांमुळे पाऊल पुन्हा घसरू लागले. पट्टी बदलली की निर्दोष कार्डांवरचा मोरही लांबतो, तसेच हे होते. लुकास कोवार, जॉन श्राइनर आणि मायकेल ग्लाइशर यांनी २००२ मध्ये यावर उपाय मांडला. पाऊल कधी टेकलेले आहे हे आधी ठरवायचे, त्या काळात ते एका जागी खिळवायचे, कंबर गरजेपुरती सरकवायची, आणि एवढे करूनही पाय पुरत नसेल व गुडघा अचानक ताठ होऊन हिसका बसणार असेल, तर पायाच्या हाडाची लांबी त्या काही फ्रेमपुरती किंचित बदलू द्यायची. प्रेक्षकाच्या डोळ्याला घसरणारे पाऊल लगेच टोचते आणि कणभर लांबलेला पाय जाणवत नाही, हे त्यांनी ओळखले होते. नवशिक्या इन-बिटवीनरच्या हातून नकळत होणारी ती लांबीची चूक इथे मोजून, ठरवून आणि मोजक्या फ्रेमपुरती वापरली गेली, आणि पाऊल जागेवर राहिले.